विवाहाचे ठिकाण : मौजे गडब

पेण,
चैत्र वद्य पंचमी

प्रिय प्रविण,

अनेक आशीर्वाद. पत्राची रीत आहे म्हणून ते लिहिले असे समजू नकोस. ते खरेच आहेत. परंतु त्यांच्यामागून जो येत आहे तो राग आहे आणि तोही तितकाच खरा आहे. गेले चार दिवस तू फोन करतोस आणि मी उचलत नाही. तुझ्याशी बोलू लागलो की तू मला हसवतोस, माझ्या गुडघ्याची चौकशी करतोस आणि मूळ विषय उंबऱ्याबाहेरच राहतो. इयत्ता आठवीत गृहपाठ झाला नसला म्हणजेही तू हेच करीत असस. पत्राला मध्येच हसवता येत नाही, म्हणून लिहीत आहे.

तुझा पुतण्या निलेश याने सोमवारी आणून दिलेला विवाहनोंदणीचा अर्ज माझ्यापुढे आहे. वधूची सही आहे, वराची आहे, तिन्ही साक्षीदारांच्या आहेत. पुरोहिताच्या सहीची चौकट तेवढी रिकामी आहे. जावई विशाल महिनाअखेरीस सिंगापूरच्या नोकरीवर रुजू होणार असून नोंदणीचा दाखला नसेल तर भूमिकाला त्याच्यासोबत जाता येणार नाही, हे निलेशने मला दोनदा सांगितले. एकदा सांगितलेलेही मला समजते. अर्जातील ‘विवाहाचे ठिकाण’ या रकान्यात तू ‘मौजे गडब, तालुका पेण’ असे लिहिले आहेस. ‘विवाहविधी’ या रकान्यात ‘समाजाच्या रूढीप्रमाणे’ असे लिहिले आहेस. आणि त्याखाली, हे सर्व माझ्यासमक्ष घडले असे मी प्रतिज्ञेवर सांगावे, अशी तुझी अपेक्षा आहे. प्रविण, ज्या दिवशी हे लग्न लागले त्या दिवशी गडबच्या तुझ्या अंगणात कोंबड्यांखेरीज कोणी नव्हते. आपण सगळे बँकॉकला होतो. परदेशात लागलेल्या लग्नाची पेणला नोंद होत नाही म्हणून तू गडब लिहिलेस, हे मला कळते.

पौषात तू पेढे घेऊन आलास तो दिवस मला स्वच्छ आठवतो. “गुरुजी, पोरीचं लगीन बँकॉकला. बाकीचे पाहुणे आदल्या दिवशी साध्या विमानानं जातील, आपण घरची माणसं आपल्या विमानानं. म्हणजे भाड्याचं, पण आख्खं आपलं.” विमान ठरवून देणाऱ्या दलालाने तुला त्या शहराचा जुना विमानतळ सुचवला होता, खासगी विमानांना तोच सोयीचा पडतो म्हणाला. तू अडून बसलास आणि मोठाच विमानतळ मागितलास, केवळ त्याच्या नावासाठी. “तुम्हीच वर्गात सांगितलं होतं, आपले व्यापारी गलबतानं सुवर्णभूमीला जायचे. आता तुम्हालाच सुवर्णभूमीवर उतरवतो.” अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला याहून गोड लाच कोणी देऊ शकत नाही. मी विरघळलो. देशाटन, द्वीपांतर, मंत्राला क्षेत्राची मर्यादा नसणे, असे पुष्कळ काही त्या संध्याकाळी मी तुला ऐकवले. एक प्रश्न मात्र विचारला. धोंडुबाई येणार ना? तू म्हणालास, “ती नाय तर लगीन कसलं, गुरुजी.” हे तुझे शब्द आहेत. मी त्यात एक अक्षर घातलेले नाही.

धोंडुबाई कोण हे तुला समजावून सांगण्याची वेळ यावी, याचीच मला शरम वाटते. तुझ्या समाजात लग्न लागते ते धवलारणीच्या तोंडून. हळद कुटण्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला ती गाते. कुलदेवतेला, गावदेवीला, खाडीच्या देवाला आणि घरातील प्रत्येक मृत माणसाला नावानिशी मांडवात बोलावते. तुझ्या आजोबांचे लग्न तिच्या आजीने लावले, तुझ्या वडिलांचे तिच्या आईने, तुझे तिने. मी तुमच्या घरी प्रथम मंगलाष्टके म्हणायला आलो तेव्हा विशीतली ही बाई माझ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती. मी तोऱ्यात विचारले होते की या गाण्याला कशाचा आधार. ती म्हणाली, “भटजी, तुमच्या देवाला संस्कृत समजतं. आमच्या मेलेल्यांना कुठं येतं संस्कृत? त्यांना मीच बोलवाया पायजे.” त्या वाक्याचे खंडन मी पन्नास वर्षे शोधत आहे. पुढे आमचा करार झाला: आधी तिचा धवला, मग माझी मंगलाष्टके. ती लांबली की मी घड्याळ पाहत असे आणि मी लांबलो की ती मोठ्याने जांभई देत असे. असे दोनशेहून अधिक विवाह आम्ही दोघांनी मिळून लावले.

बँकॉकला जायचे ठरल्यावर तिने जे केले ते तुला ठाऊक नाही, कारण तू विचारले नाहीस. तिच्या शेजारचा अब्दुल, ज्याने तीस वर्षे कुवेतला काढली, त्याने तिचा पासपोर्टचा अर्ज भरला आणि तिला कचेरीत नेले. ठसे घेणाऱ्या यंत्रावर तिची बोटे उमटेनात. चाळीस वर्षे मिठागरात मीठ ओढलेली बोटे. त्यांवर रेघा उरल्याच नव्हत्या. तिथल्या मुलीने बोटांना तेल लावून, पुसून, पुन्हा टेकवून पाहिली आणि तीन फेऱ्यांनंतर काम झाले. पासपोर्ट आला तेव्हा ती तो मला दाखवायला एस.टी.ने पेणला आली. छायाचित्रात ती रागावलेली दिसत होती. “हसाया नाय देत मेले,” म्हणाली. विमानात कानांत दडे बसतात, तेव्हा गिळत राहायचे, हे अब्दुलने तिला शिकवले होते. ते तिने मला शिकवले. मिश्री लावायला परवानगी असते का, एवढीच तिला चिंता होती.

आता निघण्याच्या दिवसाविषयी. सकाळी सातला तुझ्या गाड्या गडबला यायच्या होत्या. आदल्या संध्याकाळी तू माझ्याकडे आलास आणि खुर्चीवर न बसता उभाच राहिलास, तेव्हाच मी ओळखायला हवे होते. वरसे गावची व्याही मंडळी, त्यांच्यासोबत विशालच्या कंपनीचे साहेब, हॉटेलातली मांडणी, वेळेचा हिशेब. “म्हातारी एकदा सुरू झाली की तासभर थांबत नाय, गुरुजी. लोक हसतील. निलेशनं तिचा धवला मोबाईलवर घेऊन ठेवलाय, तो लावू स्पीकरवर. आवाज तर तिचाच ना?” आणि मग ते वाक्य: “माझ्यानं तिला सांगवत नाय. तुम्ही सांगा.” ज्या घरात तुला लहानपणी तिने भात भरवला त्या घरी जाण्याचे धैर्य तुझ्याकडे नव्हते. दूरच्या देशाला विमान उडवण्याचे होते. शेजारच्या आळीत चालत जाण्याचे नव्हते.

सकाळी मी गेलो. ती सहालाच तयार होऊन ओट्यावर बसली होती. हिरवे नवे लुगडे, डोक्यात अबोली, मांडीवर कापडी पिशवी आणि पासपोर्ट रुमालात गुंडाळून पोलक्याच्या आत. मी तिला सांगितले की तुझ्या बोटांचे ठसे त्या देशाच्या यंत्राने नाकारले, तुला उतरू देणार नाहीत. तिने दोन्ही हात पुढे धरून पाहिले. माझ्यावर अविश्वास दाखवला असता तर मला बरे वाटले असते. ती म्हणाली, “म्हणजे माझंच अडलं. प्रविणला बोल लावू नका, त्यानं तर सगळं केलं.” मग तिने पिशवीतून हळकुंडांची पुडी काढून माझ्या हातात दिली आणि विचारले, “मग धवला कोण बोलेल?” मी म्हणालो, होईल काहीतरी सोय. तुझी गाडी कोपऱ्यावर येऊन भोंगा वाजवत होती.

ते विमान मी विसरणार नाही. बारा आसने, पांढरे मऊ चामडे, पाय लांब करायला जागा, आणि एक मुलगी वाकून विचारते की आजोबा चहा की फळांचा रस. आपण दहाजण होतो. अकराव्या आसनावर भूमिकाच्या घागऱ्याची पेटी होती. बाराव्यावर माझी पूजेची पिशवी होती, आणि त्या मुलीने तिला माणसाप्रमाणे पट्टा बांधला होता. मी चार तास त्या पिशवीकडे पाहत होतो. महाकाव्यातल्या एका राजाचा रथ त्याच्या सत्याच्या बळावर भूमीपासून चार अंगुळे वर चालत असे, आणि तो एकदाच अर्धे खोटे बोलला तर चाके मातीला टेकली. मी पूर्ण खोटे बोललो होतो आणि माझा रथ चाळीस हजार फूट वर होता. कानांत दडे बसले तेव्हा मी गिळले नाही. दुखू दिले.

लग्नाचे काय सांगू, तू तिथे होतास. पण तू छायाचित्रकाराकडे पाहत होतास, म्हणून सांगतो. हिरवळीवर निलेशने तो स्पीकर लावला आणि धोंडुबाईचा आवाज आला. क्षणभर मलाही भरून आले. मग तिने पितरांना बोलावायला सुरुवात केली आणि माझ्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या. “या गो या, जित्याच्या वेशीवरून या, हैबतराव आजोबा या.” निलेशने तो धवला जिते गावच्या काळुरामच्या घरच्या लग्नात उतरवून घेतला होता. त्याला वाटले की गाणे म्हणजे गाणे, एका लग्नातले दुसऱ्या लग्नात चालते. काळुरामचे आजोबा, पणजी, विहिरीत गेलेली आत्या, एकेक करून सारी अनोळखी मृत माणसे तुझ्या मुलीच्या मांडवात बोलावली गेली. व्याही मंडळी टाळ्या वाजवत होती. त्यांना काहीच कळले नाही. कोणी हसले नाही, प्रविण. तुला ज्याची भीती होती ते मुळीच घडले नाही.

भूमिकाला मात्र कळले. अंतरपाटाच्या अलीकडे ती माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, “गुरुजी, माझ्या आजीचं नाव नाय घेतलं.” मी म्हणालो, बाळ, येईल आता. ती म्हणाली, “संपलं ते. बंद केलं निलेशदादानं.” तुझी आई हौसाबाई. धोंडुबाईच्या खांद्याला खांदा लावून जिने मीठ ओढले आणि तुला शिकवले; जी सहा वर्षांपूर्वी जाताना एवढेच म्हणाली होती की नातीच्या लग्नात मला बोलवायला विसरू नका. तिला निमंत्रण गेले नाही. विमान भरून माणसे गेली आणि जिला आसन लागत नव्हते तीच राहिली. मी मंगलाष्टके सुरू केली. माझा आवाज त्या दिवशी चांगला लागला असे तुझे साहेब लोक म्हणाले.

परतीच्या दिवशी तू मला मुद्दाम विमानतळाच्या मोठ्या इमारतीत नेलेस, समुद्रमंथनाचे ते प्रचंड शिल्प दाखवायला. एका बाजूला देव, एका बाजूला दानव, मध्ये पर्वत. “बघा गुरुजी, आपलंच आहे सगळं,” असे म्हणून तू माझे छायाचित्र काढलेस. मी त्या वेळी दोरी झालेल्या सर्पाकडे पाहत होतो. दोन्हीकडून ओढला गेला तो. आणि अमृत वाटण्याची वेळ आली तेव्हा त्याला पंक्तीत कोणी बसवले नाही. ही कथा मी तीनशे वेळा तरी सांगितली असेन. त्या सर्पाचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. माझ्या विद्वत्तेविषयी तू जे चारचौघांत बोलतोस, ते यापुढे बोलू नकोस.

परत आल्यापासून मी गडबला गेलेलो नाही. गुडघ्याचे कारण सांगतो. मंगळवारी, म्हणजे तुझा अर्ज आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, अब्दुल आला. धोंडुबाईचा निरोप होता: हौसाला कोणी बोलावली तेवढे कळवा, म्हणजे माझा जीव थंड होईल. निरोप सांगून झाल्यावर तो पाण्याचा पेला हातात घेऊन म्हणाला, “गुरुजी, एक विचारू? ठशांचं अडायचं असतं तर पासपोर्टच नसता मिळाला. तिकडं उतरल्यावर बोटं नाय उमटली तर बाजूला घेतात, फोटो काढतात, सोडून देतात. मी तीस वर्सं बघितलंय. तुमाला हे कोण बोललं?” त्याने पेला खाली ठेवला. “मी काकीला काय बोललो नाय. बोलणार पण नाय. तुमचं तुम्ही बघा.” मग आंब्याला मोहर कमी आला म्हणाला आणि गेला. तो पाच वेळा नमाज पढणारा माणूस, माझ्या घरी, माझ्या देवघरासमोर बसून, मला लाज वाटू नये म्हणून आंब्याविषयी बोलला.

आता जे लिहायचे त्यासाठीच हे पत्र आहे. वर मी तुझ्यावर पुष्कळ रागावलो आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. पण त्या संध्याकाळी तू मला एवढेच म्हणाला होतास, “काहीतरी सांगा तिला.” ठशांची गोष्ट तू रचलेली नाहीस. ती मी रचली. गडबच्या वाटेवर, गाडीत बसून, शब्द जुळवावेत तशी जुळवली, कारण बोटांविषयी ती स्वतःवरच विश्वास ठेवील हे मला ठाऊक होते. आणि मी तुला “ती नाही तर मीही नाही” असे म्हणालो नाही, कारण तू “बरं” म्हणशील अशी मला भीती वाटली आणि मला ती सुवर्णभूमी पाहायची होती. म्हणून या अर्जावर मी सही करत नाही. एक खोटे बोलून झाले आहे. दुसरे प्रतिज्ञेवर लिहून देणार नाही. उद्या सकाळी मी गडबला जाऊन तिला सर्व सांगेन: जागा होती, कागद पूर्ण होते, हौसाला कोणी बोलावले नाही, आणि तिच्या हातांत काही दोष नव्हता. ती मला घरात घेईल की ओट्यावरूनच परत पाठवील, हे मी सांगू शकत नाही, आणि तिने पाठवले तर तू मध्ये पडायचे नाही. पण तू उद्या दुपारपर्यंत तिच्या दारी उभा राहा, स्वतः, चालत, निलेशला न पाठवता. ती हो म्हणाली, तरच वैशाख शुद्ध सप्तमीला, दिवसा दहा वाजून वीस मिनिटांनी, तुझ्या अंगणात मांडव घाल. भूमिका आणि विशालला पाटावर बसव. मग तिला हवा तितका वेळ ती गाऊ दे. मी घड्याळ पाहणार नाही. अर्जात तारीख त्या दिवसाची घालू, आणि ‘मौजे गडब’ या शब्दांखाली मी सही करीन. ती नाही म्हणाली, तर भूमिकाचा दाखला अडेल, ती मुलगी माझ्यामुळे मागे राहील, आणि तिला तसे का झाले हे आपण दोघांनी तिच्यासमोर बसून सांगायचे आहे.

रागावलेला, तरीही तुझाच,
अनंत गुरुजी